मामाजींनी दुरुस्त केलेला कूलर

नंदनवन, नागपूर
१९ मे

तीर्थरूप रुपराव मामाजी आणि सुभद्रा मामीजीले,

ऋतुजाचा वाकून नमस्कार. (समोर पाया पडायले गेली की मामाजी पाय मागे घेतात, म्हणून पत्रातच पडून घेतलं. इथं पाय हलवता येत नाही.) तुमची तब्येत कशी आहे? मामीजीचा गुडघा काय म्हणते? उमरेडले ऊन किती तापून राहिलं हे विचारत नाही, कारण इथं सेहेचाळीस आहे आणि तिथं कमी असलं तं मले उगीच राग येईल. आई-बाबा मजेत आहेत. आईनं लोणचं घातलं, एक बरणी तुमच्या नावानं वेगळी काढून ठेवली, आणि बाबा बाकीच्या बरण्या सोडून रोज तिच्यातलंच खाऊन राहिले.

हे पत्र मी शाळेतल्या शुद्ध भाषेत लिहायले घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि मनात आलं, असं पत्र तुमच्या दारात पडलं तं मामीजी वाचायच्या आधीच पदर डोळ्याले लावेल, कोण गेलं म्हणून. मंग फाडलं आणि आपलं घरच्यासारखं लिहून राहिली. आता फोन काहून नाही केला? तं त्याचं कारण तुम्हीच आहात जी. फोन उचलला की तुमचा पहिला प्रश्न, ‘ऋतू, कूलर कसा चालून राहिला?’ आणि माझ्या तोंडातून निघते, ‘एक नंबर, मामाजी!’ असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तं काय बोलायचं ते मी कागदावर लिहून बसली होती, तरी एक नंबरच निघालं. माणूस इतक्या कौतुकानं विचारते, त्याले दुसरं काय सांगणार? कागद बरा, तो मधात काही विचारत नाही.

तर कामाचं सांगते. कंपनी सोडून मले दोन वर्षं झाली आणि वरच्या खोलीत बसून मी लॅपटॉपवर गाणी बनवते, हे तुमाले माहीतच आहे. माझा पहिला अल्बम तुम्ही मांडी घालून, हेडफोन लावून, डोळे मिटून, चाळीसच्या चाळीस मिनिटं ऐकला होता, आणि शेवटी अदबीनं विचारलं होतं, ‘गाणारा केव्हा येईल?’ (त्यात गाणारा नव्हताच जी. तेव्हा मी ‘पुढच्या वेळेस’ म्हणाली, ती थाप होती, माफ करा.) पण आपल्या अख्ख्या खानदानात तो पूर्ण ऐकणारे तुम्ही एकटेच. आईनं पहिल्या मिनिटाले ‘मशीन खराब झाली का वं?’ विचारलं, आणि बाबा दुसऱ्या गाण्यात झोपले.

या वेळेस आठ गाणी आहेत. पंधरा जूनले काढते असं मी साऱ्या जगाले सांगून बसली. (जग म्हणजे चारशे बारा माणसं, त्यातले अकरा आपलेच नातेवाईक.) आणि त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे आईले शब्द दिला की पंधराले अल्बम निघाला नाही तं एक जुलैपासून मुकाट्यानं जुन्या कंपनीत जाईन. ते लोक बोलवूनच राहिले. बाबांनी माझ्या वतीनं होकाराची चिठ्ठी लिहून ठेवली आहे, फक्त तारीख टाकायची बाकी. नोकरी काही वाईट नव्हती, मामाजी. पण तिथं मी सकाळी जायची आणि संध्याकाळी कोणीतरी दुसरीच घरी यायची. मले परत नाही जायचं. हा अल्बम मले पाह्यजे म्हणजे पाह्यजेच.

एप्रिल संपला तेव्हा सहा गाणी पक्की झाली होती. मी हवेत होती. दरवाजा लावून, आपला जुना लोखंडी कूलर तोंडावर घेऊन, सकाळी बसली की जेवायलेच उठायची. तुमाले तो जुना आवाज आठवत असेल. आधी घूंऽऽ, मंग खट्, मंग पुन्हा घूंऽऽ. खालच्या मजल्यावर आई भांडी घासता घासता ओरडायची, त्याले बंद कर वं, डोकं उठलं! आणि मी म्हणायची, बंद केला तं मी मरीन. अशात काकाच्या चंदनदादाचं लग्न ठरलं, त्याच्या साक्षगंधाले तुम्ही आले, दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी मी एक वायर आणायले सीताबर्डीले गेली. वायर एक पाह्यजे होती, पण सीताबर्डीले जाऊन एकच वस्तू आणणारा माणूस मी तरी पाहिला नाही, त्यामुळे तीन तास लागले. घरी येऊन पाहते तं तुम्ही खोलीच्या मधात उभे, हात ग्रीसनं काळे, शर्ट ओला, आणि तोंडावर असं हसू जसं काही पोट्टं पास झालं. मोटार नवी तांब्याची तार घालून वाइंड केलेली, झिजलेला बुश बदललेला, तिन्ही बाजूच्या वाळ्याच्या ताट्या नव्या. तुम्ही बटन दाबलं. गार वारा आला. आवाज काहीच आला नाही.

खाणीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं मोटारी वाइंड केलेला हात आहे, त्याले कोण नाव ठेवणार? मी तुमच्या पाया पडली. (तेव्हाही तुम्ही पाय मागे घेतले.) आई तं साऱ्या नंदनवनात सांगून आली. फक्त झालं असं, की आता दुपारी आई झोपेतून तीनदा उठते आणि कूलरसमोर हात धरून पाहते, लाईन गेली का म्हणून. तुमच्या लहानपणी आजोबाच्या घरी हातमाग थांबला की चुलीपाशी बसलेली आजी ‘काय झालं गा?’ विचारायची म्हणतात. तेच रक्त आहे, शांतता झाली की आमाले घोर लागते.

खरी पंचाईत सातव्या गाण्यात झाली. गाणं चांगलं, चाल चांगली, पण आधीच्या सहा गाण्यांशेजारी ठेवलं की असं वाटे, पाहुणे आले आणि घरातलं कोणी बोलूनच नाही राहिलं. मले वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. मंग माझा मित्र पियूष बासरी वाजवायले आला. बिचारा सहाही गाण्यांवर वाजवून थकला, त्याची एकही बासरी जुळेना. मानी पोरगा, त्याले वाटलं आपलाच श्वास कमी पडून राहिला. घरी जाऊन प्राणायाम सुरू केला त्यानं! तो गेल्यावर मी शांतपणे बसली, सगळं तपासलं, आणि मंग डोक्यात उजेड पडला. आपल्या कूलरचा जुना सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधात पडत होता, जिथं पट्टीच नाही. आणि मी भैताडासारखी दोन महिने नकळत सगळी वाद्यं त्या सुरावर लावून बसली होती. शिवाय जे जे माईकवर घेतलं त्यात मागं तो घूंऽऽ होताच. म्हणजे माझ्या अल्बममध्ये पहिल्यापासून एक गाणारा होता, मामाजी. तुम्ही त्याचाच आवाज बंद केला.

जुन्या गाण्यातून तो आवाज काढून टाकून पाहिला. आवाज गेला आणि गाणं प्रेतासारखं पडलं. जुन्यातला तुकडा कापून नव्यात चिकटवावा म्हटलं, तं तो आवाज एकटा असा कुठंच नाही, सगळीकडे त्याच्यावर काही ना काही वाजून राहिलं. नुसत्या कूलरचा आवाज कोण कशाले रेकॉर्ड करून ठेवते?

मंग मी दुसरा कूलर शोधायले निघाली. शेजारच्या शोभाताईचा कूलर बराचसा तसाच गुणगुणते, म्हणून भरदुपारी काठीले माईक बांधून तिच्या खिडकीखाली उभी राहिली. तिनं आतून पाहिलं आणि कूलर बंद केला. तिले वाटलं मी आवाजाची तक्रार करायले पुरावा गोळा करून राहिली. मी सांगितलं, ताई, तुमच्या कूलरचा आवाज फार गोड आहे जी, तं तिले तो टोमणा वाटला. चार दिवस झाले, भली बाई दुपारभर घामाघूम बसून राहते पण कूलर लावत नाही, आणि संध्याकाळी गच्चीवरून विचारते, ‘आता तं त्रास नाही ना वं?’ शेवटी सीताबर्डीले गेली. दुकानदार म्हणे, मॅडम, मच्छर उडाला तं ऐकू येईल इतका शांत आहे. मी म्हटलं, शांत नको, आवाज करणारा दाखवा. त्यानं मालकाले बोलावलं. मालकानं मले वरून खालून पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘सासूले द्यायचा आहे का?’

बाबांनीही आपल्या परीनं हातभार लावला. त्यांनी कूलरचे चार स्क्रू ढिले केले आणि जाळीत एक चमचा अडकवला. चमचा उडून बाबांच्या कपाळाले लागला, पण कूलरनं हूं की चूं केलं नाही. तुमचं काम येवढं पक्कं आहे.

असो. हे आपलं मनातलं सांगितलं, राग मानू नका. तक्रार अजिबात नाही. वारा खरंच एक नंबर येते. बाबा रविवारी उमरेडले येऊन राहिले, त्यांच्याजवळ पत्र आणि बरणी (जी उरली असेल ती) पाठवते. मामीजीनं गुडघ्याले तेल लावावं, तुम्ही उन्हात फिरू नका.

तुमची लाडकी भाची,
ऋतुजा

ता. क. १ – बाबा म्हणे की जुनी वाइंडिंग आणि झिजलेला बुश तुम्ही पिशवीत घालून घेऊन गेले, कारण तांबं फेकायची तुमची पद्धत नाही. ते अजून असलं तं, मामाजी, एक दिवस येऊन कूलर पहिल्यासारखा करून द्याल का? कारागिराले त्याचंच काम बिघडवायले सांगणं हे किती वाईट, ते मले समजते. हे एक वाक्य लिहायले मले वरची चार पानं लागली.

ता. क. २ – आईले यातलं काही बोलू नका. तिले मी सांगितलं की पत्रात लोणच्याची चौकशी आहे.

ता. क. ३ – (२२ मे.) लिफाफा पुन्हा उघडला. परवा, कुठं दहा सेकंद तरी नुसता कूलर सापडते का म्हणून मी साऱ्या फायली उपसल्या. त्यात एक सापडली, तीन तास पाच मिनिटांची. त्या दिवशी वायर आणायले जाताना मी रेकॉर्डिंग चालूच ठेवून गेली होती जी, आणि आल्यावर कूलरच्या कौतुकात ती फाईल ऐकायचीच राहिली! आधी वीस मिनिटं नुसता कूलर आहे, अगदी चोख, मले पाह्यजे होता तसा. मंग तुमची पावलं येतात. तुम्ही त्याले म्हणता, ‘बंद करतो हां बाप्पा तुले.’ मंग खूप वेळ पाना आणि पेचकस, आणि तुमचं त्याच्याशी बोलणं, की किती वर्षं झाली तुले कोणी तेल नाही पाजलं. मंग आई चहा घेऊन येते आणि म्हणते, चालू होता ना, कशाले हात लावला दादा? तुम्ही म्हणता, ‘पोट्टी येवढा कान लावून काम करते, याचा आवाज तिले आडवा येत असंल. ती सांगणार नाही.’ आई म्हणते, तुमाले समजते का तिचं गाणं? तुम्ही म्हणता, ‘समजत तं नाही. पण एकच तुकडा ती दहादा ऐकते आणि अकराव्यांदा पुन्हा दुरुस्त करते, ते समजते. आमच्या वर्कशॉपात असा एकच माणूस होता.’ आई विचारते, कोण? तुम्ही म्हणता, ‘मी.’

मामाजी, मी हे सात वेळा ऐकलं आणि सातही वेळा रडली. आईले वाटलं अल्बम बुडाला, तिनं बाबाले ती चिठ्ठी फाडायले लावली, म्हणे मरू दे नोकरी, पोरीचं तोंड पाहवत नाही. मी गुपचूप ते तुकडे केरात टाकले. आता सातवं गाणं असं आहे: कूलर चालते, तुम्ही त्याले बंद करता, पाना वाजते, आणि मंग त्या शांततेत बाकीचं सगळं सुरू होते. आठवं त्याच्यापुढं आपोआप आलं. काल संध्याकाळी दोन्ही झाली. तेव्हा कूलरले हात लावू नका, ता. क. १ मी लिहिलाच नाही असं समजा.

ता. क. ४ – पण तुमचा आवाज तुमाले न विचारता जगाले ऐकवणं बरोबर नाही. हो म्हणत असाल तं नुसता मिस कॉल द्या, मी समजून जाईन. नाही म्हणायचं असंल तं मात्र फोनवर चालणार नाही, मामीजीले घेऊन इथं यावं लागेल, चार दिवस राहावं लागेल, आणि पंधरा जूनले माझ्याजवळ मांडी घालून बसून, पूर्ण ऐकून, मंग नाही म्हणावं लागेल.