लाटेवर उभे राहण्याची पूर्वतयारी

९ जून १९७४, रविवार
वय त्रेचाळीस. वजन नंतर लिहीन. ही वही फक्त माझ्यासाठी आहे, त्यामुळे इथे खोटे लिहिण्यात काही फायदा नाही.

गेल्या गणपतीत सासुरवाडीला, शिराळ्याजवळच्या गावी, मंडळाने माझे व्याख्यान ठेवले होते. विषय हिमालय. बोललो छान. शेवटी माझा मेहुणा आप्पासो, जो मंडळाचा अध्यक्षही आहे, उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, दाजी, समदं झ्याक झालं, पर तुमी स्वतः कुठवर चढलाय? मी म्हणालो, महाबळेश्वर. तो म्हणाला, चालत? मी खरे बोलणारा माणूस आहे. म्हणालो, एसटीने. मांडव अजून हसत असेल.

यंदाही आमंत्रण आले आहे. या वेळी जे स्वतः केले नाही, त्यावर बोलायचे नाही.

११ जून
विषय मिळाला. रद्दीवाल्याकडे अमेरिकन मासिकांचा गठ्ठा होता, त्यात सर्फिंगवर सचित्र लेख. हवाई बेटांवरचे लोक शेकडो वर्षांपासून लाकडी फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून किनाऱ्याला येतात. शीड नाही, वल्हे नाही, दोर नाही. नुसता माणूस उभा. चित्र पाहून चहा निवला.

कॉलेजात भूगोल शिकवतो. सतरा वर्षे सागरी प्रवाह शिकवले. समुद्र मी एकदा पाहिला आहे, रत्नागिरीला, लग्नानंतर. गुडघ्यापर्यंत.

संकल्प: व्याख्यानाआधी एकदा तरी पाण्यात फळीवर उभा राहीन. नाही जमले तर व्यासपीठावरही उभा राहणार नाही. आप्पासोला तसे कळवून टाकेन. सही: मानसिंग पिसाळ. (स्वतःच्याच वहीत सही कशाला केली, कळत नाही. पण असू दे.)

१३ जून, गुरुवार
हवाईत फळीसाठी झाड तोडण्यापूर्वी बुंध्याशी लाल मासा ठेवून प्रार्थना करत. संस्कृतीबद्दल बोलायचे तर संस्कृती पाळली पाहिजे. पण आज माझा गुरुवार. मासा शक्य नाही. नारळ घेऊन कुपवाडला गुंडा मिस्त्रीकडे गेलो. तो कारखान्यांसाठी लाकडी खोकी बनवतो.

राजघराण्यातल्या लोकांच्या फळ्या लांबच लांब, सामान्य रयतेच्या आखूड. मी नक्की कोण, यावर बसमध्ये विचार केला. प्राध्यापक म्हणजे मधला. मधले माप सांगितले. मिस्त्री म्हणाला, सर, खाट पायजे का दार पायजे, ते एकदा ठरवा. मी म्हणालो, त्यावर उभे राहायचे आहे. तो म्हणाला, मग स्टूल करतो की. शेवटी त्याच्याकडे एक जुने सागवानी दार पडले होते, तेच तासून द्यायचे ठरले.

नारळ त्याने लगेच फोडला. निम्मा मलाही दिला.

२० जून
फळी आली. कडीचे भोक तसेच आहे. शेजारचे बिराप्पा हातगाडीमागून चालत आले आणि दबक्या आवाजात विचारले, कोन गेलं ओ? शालूला, म्हणजे माझ्या पत्नीला, हे फार लागले. ती म्हणाली, ही फळी घरात घ्यायची नाही. फळी न्हाणीघरामागे उभी केली.

२३ जून, रविवार
जुने हवाईकर फळीला तेल लावून जपत. खोबरेल संपलेले, म्हणून शेंगतेल घेतले. शालू दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, घरात कालवणाला तेल पुरत नाही आणि तुम्ही दाराला मालिश करताय. बाळंतीण आहे का ते?

लेखात आहे की एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले आणि त्यांच्या नापसंतीमुळे हा खेळ जवळजवळ बंद पडला. मला ते फार पटले. मीही लग्नापूर्वी पोहत असे.

(पुन्हा विचार केला. लग्नापूर्वी मी विहिरीत डालडाचा डबा पाठीला बांधून पोहत असे. त्यात शालूचा दोष नाही.)

३० जून
पालथे पडून झटक्यात उठणे, हा मुख्य भाग. आठवडाभर पलंगावर सराव. पालथा पडतो उत्तम. झटका नीट येत नाही. आज आला. पलंगाचा पाय गेला. शालू आता माजघरात सतरंजीवर झोपते.

उद्यापासून पहाटे नदीवर.

१ जुलै
पाऊस.

२ जुलै
पाऊस नव्हता, पण पडेल असे वाटले.

७ जुलै, रविवार
अखेर गेलो. सांगलीच्या घाटावर, गर्दीपासून खाली, म्हशी धुतात तिथे. कृष्णेला पाणी चांगले, पण लाट म्हणावी अशी एकही नाही. याचा विचार मी आधी करायला हवा होता, भूगोलाचा माणूस म्हणून.

तरी तयारी होती. समुद्र शांत असला की हवाईतले पुजारी वेलीने पाण्याला फटके मारून लाटा बोलावत. परसातला घेवड्याचा वेल नेला होता. मारले फटके. म्हैस धुणारा एक जण बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, सर, मासं असं न्हाई मरायचं.

मग फळीवर पालथा पडलो. फळी पाण्याखाली गेली. मी उतरलो, ती वर आली. पुन्हा पडलो, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी एक गुडघा टेकवून, मनात हवाई आणून झटका दिला. मी मागे पडलो आणि फळी पुढे निघाली. धारेला लागली, छान सरळ झाली आणि कडीचे भोक वर ठेवून म्हैसाळच्या दिशेने गेली. आतापर्यंत कर्नाटकात पोचली असेल. पाणी तिला नीट कळले होते, एवढे मान्य केले पाहिजे.

म्हशीवाल्याने मला शेपटीला धरून बाहेर काढले. म्हशीच्या.

८ जुलै
शालूने विचारले, दार कुठाय? मी म्हणालो, दिले. कोणाला, ते तिने विचारले नाही. खोटे नव्हे. नदीला दिले.

प्रामाणिकपणे पाहता उभा राहिलो नाही. आप्पासोला नकार कळवावा का? उद्या ठरवू.

२१ जुलै, रविवार. सासुरवाडी
नकार द्यायलाच आलो होतो. पण इथे भाताच्या लागणीची घाई. चिखलणी झाली की वावर सपाट करायला बैलांमागे लाकडी फळी ओढतात आणि तिच्यावर वजनाला माणूस उभा राहतो. बांधावर उभा राहून मी बघत होतो. पायाखाली फळी, फळीखाली पाणी, पुढे पाण्याची लाट उठते आहे आणि आप्पासो पँटचे पाय दुमडून, बैलांच्या शेपट्या धरून आरामात उभा.

मी म्हणालो, मला उभे राहायचे आहे. आप्पासो म्हणाला, आवं या की दाजी, मला बी इडी वढाया मिळंल. वजन कमीच पडतंय मगापासनं. सासूबाई, म्हणजे राहीबाई, रोपांची मुडी हातात घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, जावईबापू, काय बी हुंदे, शेपट्या सोडू नगासा.

उभा राहिलो. खरेच उभा राहिलो. फळी सरकली, पाणी दोन्ही बाजूंना फाकले, वारा तोंडावर आला. ते लोक शेकडो वर्षे कशासाठी समुद्रात जात होते, ते मला त्या क्षणी पोटात कळले. मोठ्याने हसलो असेन, कारण लागणीच्या बायांनी माना वर केल्या.

मग डावा बैल मुतायला थांबला. मी थांबलो नाही.

तोंडातला चिखल काढेपर्यंत आप्पासो विडी टाकून धावत आला. मला उठवून तो वावराकडे बघत म्हणाला, दाजी पडलं तिथं मातूर लेव्हल एक नंबर झाली.

२२ जुलै
नकार दिला नाही. आता प्रश्न असा, की कालचे धरायचे का?
विरुद्ध: शेपट्या धरल्या होत्या. लाट बैलांनी केली. पाण्यात मातीचे प्रमाण जास्त.
बाजूने: फळी होती. मी तिच्यावर होतो. पडलोही, लेखात तर नवशिके फार पडतात असे आहे.
निर्णय: धरायचे, पण व्याख्यानात शेपट्यांसकट सांगायचे. मन एकदम स्वच्छ झाले.

२५ ऑगस्ट, रविवार. सासुरवाडी
अधिक महिना, म्हणून जावयाला धोंड्याचे जेवण. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार. लाटेवरच्या माणसाने हलके असावे, म्हणून दोनच घ्यायचे ठरवून बसलो. सासूबाई म्हणाल्या, फळीवर हुबं ऱ्हायचं तर अंगात कायतरी नगं? हा मुद्दा शास्त्रीय वाटला. पुढचे मोजले नाहीत.

गावात मला आता फळीवालं पाव्हणं म्हणतात. यात आदर आहे असे मी धरतो.

२१ सप्टेंबर, शनिवार
उद्या व्याख्यान. हवाईचे राजे, मिशनरी, मग या शतकात वायकीकीच्या किनाऱ्यावर खेळ पुन्हा जिवंत झाला तो भाग, कॅलिफोर्निया, आताच्या फायबरग्लासच्या फळ्या, सगळे तयार. आणि तुमी स्वतः, या प्रश्नाचे उत्तर. ते आरशासमोर तीनदा म्हटले. तिसऱ्यांदा आवाज किंचित भरून आला. उद्याही तसाच यावा.

२३ सप्टेंबर, सोमवार
झाले. कसे झाले, ते नीट लिहितो.

मांडव भरला होता. माझ्यानंतर लेझीम असल्याने पुढे पोरे बसली होती. पाऊण तास बोललो. इतकी शांतता, की सगळे तल्लीन झाले असावेत. काही जणांचे डोळे मिटलेले होते. चिखलातले सगळे सांगितले, शेपट्या, बैल, काही लपवले नाही. लोक खूप हसले, पण ते गेल्या वर्षीसारखे नव्हते. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या ते मला वरपर्यंत ऐकू आले: बघ की, आपल्या वावरात फुकाट व्हतंय त्याला ही मानसं समुद्रात जात्यात.

मग मी प्रश्नाची वाट पाहत थांबलो. आप्पासो उठला. माझा आवाज भरून यायला लागला.

आप्पासो म्हणाला, दाजी, मघाशी बोलताना तिथं उसाचं मळं हायती म्हनला. खरं हाय का?

मी म्हणालो, आहेत. लेखात एका ओळीत होते. मी ओघात म्हणून गेलो होतो.

डोळे मिटलेले सगळे जागे झाले. मागून तात्याबा उठले. गावातले जुने बागायतदार, माणूस मोठा गंभीर. म्हणाले, सर, एकरी टन किती पडतंय?

माहीत नाही. दोनच शब्द. जून महिन्यापासून मी याच दोन शब्दांसाठी स्वतःला तयार करत होतो. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता, गेल्या वर्षी हसलेला मांडव, आणि या वेळी कोणी हसत नव्हते. मी म्हणालो, दीडशे.

मांडवातून एक सुस्कारा गेला. तात्याबा म्हणाले, खत काय घालत्यात? मी म्हणालो, मासळीचे. असे का म्हणालो, मला माहीत नाही. समुद्र डोक्यात होता. कोणती मासळी? सुकवलेली, मी म्हणालो, आणि पाणी कमीच द्यावे लागते, हेही वर जोडले. कोणी विचारले नव्हते.

टाळ्या. हार. आप्पासोने सगळ्यांसमोर माझ्या पाया पडून घेतले. तो म्हणाला, दाजी, गेल्या साली मी चुकलो.

त्याच क्षणी सांगायला हवे होते. पण लेझीम सुरू झाले.

२४ सप्टेंबर
कॉलेजच्या लायब्ररीत हवाईच्या उसाचा आकडा शोधला. सापडला नाही. तो कदाचित दीडशेच असेल. तसे असेल तर मी खोटे बोललोच नाही, फक्त न कळता खरे बोललो.

हे वाक्य खोडावे का? राहू दे. विचार म्हणून राहू दे.

२९ सप्टेंबर, रविवार
आप्पासो बाजाराला सांगलीत आला होता, जेवून गेला. सहज म्हणाला, तात्याबांनी दसऱ्याच्या लागणीला अर्धा एकर निराळा काढलाय. शिराळ्याच्या बाजारातनं पोत्यानं सुकट आनून टाकली. गावाची समदी कुत्री तितं मुक्कामाला हायती.

मी त्याला सगळे सांगितले: आप्पासो, दीडशे हा आकडा माझ्या मनाचा. तो बराच वेळ हसला. म्हणाला, व्हय तर. तात्याबा बी त्येच म्हनत्यात, सर भिडस्त मानूस, आकडा कमीच सांगितला असंल.

संकल्प: स्वतः जाऊन तात्याबांना स्पष्ट सांगायचे. त्यांच्या तोंडावर. आणि त्यांना जे बोलायचे ते बोलू द्यायचे.

६ ऑक्टोबर, रविवार
सकाळच्या एसटीने गेलो. वाक्य वाटेत पाठ केले: तात्याबा, मी तुम्हाला फसवले, मला उसातले काही कळत नाही. चांगले वाक्य आहे. त्यात काही कमी-जास्त करण्यासारखे नाही.

ओढ्याजवळच वास आला. तात्याबा बांधावर काठी घेऊन कुत्री हाकत होते. हे चार दिवसांपासून चाललेय, असे वाटेत भेटलेल्या आप्पासोने सांगितले होते. झोप पण तिथेच. मला बघून त्यांनी काठी काखेत धरली आणि टोपी नीट केली. म्हणाले, या सर, बरं झालं आला. घरची समदी मला खुळ्यात काढायला लागल्यात. थोरला लेक बोलत न्हाई. एक सांगा, दीडशे न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आपली काळी जमीन, आपलं पानी. सव्वाशे तरी निघंल का?

डोळे लाल झाले होते त्यांचे. माझ्याकडे असे बघत होते, की माझे वाक्य मला आठवेना.

मी म्हणालो, निघेल.

परतीच्या एसटीत बसायला जागा होती, तरी शिक्षा म्हणून उभा राहिलो. इस्लामपूरपर्यंत. पुढे बसलो.