म्हाताऱ्या शिपायाचं काय झालं

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
जमलं! लग्नाचे चार ब्लाउज बाकी, तरी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि साडेनवाच्या गाडीनं आप्पांना घेऊन बीडला. रोमन शिपायांचा पिक्चर, हिंदीत केलेला, बाराचा शो. शेवटची रांग, कोपरा, नेहमीसारखं. आप्पांची नजर गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी कानात सांगते आणि ते बघतात. 'ऐकला' म्हणत नाहीत कधी. 'बघितला' म्हणतात.

अगं बाई, काय पिक्चर! नऊ शिपाई, बर्फाचे डोंगर, मागं डोंगरी लोक लागलेले. पहिल्या दहा मिनिटांतच मुंडकी उडाली. "ढालीला ढाल लावली... भाले निघाले... एक मेला, दोन मेले, तिसऱ्याचा हात..." घसा बसला माझा. आप्पांनी मनगट असं धरलेलं की वळ उठलेत. पुढचा माणूस दोनदा मागं वळून बघत होता. तिसऱ्यांदा वळला, म्हटलं आता भांडण. तर म्हणतो, "ताई, जरा मोठ्यानं सांगा, माझ्या आईला हिंदी न्हाई कळत."

आप्पांचा आवडता एक म्हातारा शिपाई. सारखी मस्करी करतो, जखमी पोराला पाठीवर घेऊन चालतो. इंटरव्हलला वडा खाताना आप्पा म्हणाले, "ह्यो आपल्यातला हाय. एसटीवर ड्रायव्हर असता." तीस वर्षं स्वतः एसटी चालवलीय ना.

एक गोष्ट झाली. लिहू का नको... लिहितेच. इंटरव्हलनंतर त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर जळतं तेल पडतं. डोळे जातात. अडखळतो, सगळ्यांना उशीर होतो. मग कप्तान त्याला एका दगडाला टेकवून बसवतो आणि बाकीच्यांना घेऊन निघून जातो. आंधळा झाला म्हणून टाकून! आप्पा शेजारी कान देऊन बसलेले. कसं सांगू? म्हटलं, "कप्तानानं म्हाताऱ्याला खेचर दिलं, घरी पाठवलं." आप्पा म्हणाले, "बरं केलं." पुढचं मी बघितलंच नाही, डोळे मिटून घेतले थोडा वेळ.

शनिवार, ८ नोव्हें.
दुकानाला लागूनच चहाचं हॉटेल. मशिन थांबवलं की सगळं ऐकू येतं. आज मशिन चाललंच नाही. आप्पा तिथं पिक्चर सांगत होते, पेपरची गुंडाळी करून तलवार, चहाचा ट्रे ढाल. समोर रामभाऊ (मेंढरंवाले) आणि सलीमचाचा (पंक्चरचं दुकान). हॉटेलवाला म्हणे, आप्पा, ट्रे द्या की, गिऱ्हाईक थांबलंय. कोण देतोय! दोघं उद्या जाणार बघायला. रामभाऊ थेटरात गेल्याला पंधरा वर्षं झाली म्हणे.

ब्लाउज एकच झाला.

सोमवार, १०
काल दोघं जाऊन आले. आज सकाळी हॉटेलात नुसता दंगा.

रामभाऊ डोंगरी लोकांकडून. "आपल्या चराईच्या रानात कुणी छावणी टाकली तर आपण हार घालू का? चांगले हाणले. आन् हे कसले शिपाई? लांडगा आला तर बोंबलायलेत. मेंढीसुदिक सोलता येईना एकाला."

सलीमचाचांना फाईट आवडली. "क्या फाईट है! पण एवढं खून कपड्यावर, आन् दुसऱ्या सीनला कपडे साफ. धुतले कुणी? आन् तो कप्तान एक नंबरचा हरामी."

इथं आप्पा उसळले. "ओ चाचा, कप्तानाला नाव न्हाई ठेवायचं. म्हाताऱ्याला खेचर देऊन घरी पाठवणारा माणूस हाय त्यो."

रामभाऊ म्हणाले, "कुठलं खेचर बे? म्हातारा आंधळा झाला, टाकून गेले त्याला."

"दुसराच पिक्चर बघितला आप्पांनी!" कोणीतरी म्हणालं आणि सगळं हॉटेल हसलं. सलीमचाचापण हसले. मग एकदम कप खाली ठेवला, त्यांच्या लक्षात आलं असावं. मी इथं हातात कात्री घेऊन उभी. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आप्पा काठी घेऊन एकटे घरी आले. रोज दुकानाशी थांबून हाक मारतात, आज मारली नाही. मी मागोमाग गेले.

"खेचर व्हतं का?"
"नव्हतं."
"म्हातारा आंधळा झाला?"
"हो."
"मग मला कावून न्हाई सांगितलंस?"
"तुम्हाला लागंल म्हणून, आप्पा."
"ते आज लागलं. चार लोकांत."

आणि मग म्हणाले, "पडद्यावर काय हाय ते तू सांगायचं. मला काय सोसंल ते मी बघंन." जेवले नाहीत. आईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकलं.

मंगळ., ११
बोलणं बंद. रोज सकाळी पेपर वाचून दाखवते. आज उघडला तर म्हणाले, राहू दे. रेडिओ लावला.

दुपारी सलीमचाचा आले. माफी मागायला आले होते, पण जाताना म्हणतात, "आप्पा, पुढच्या पिक्चरला मी नेतो तुमाला. मी सांगतो सगळं." आप्पा म्हणाले, "बघू."

बघू!! सलीमचाचा सांगणार! इंटरव्हलनंतर घोरतात ते. लई राग आला. चाचांचा नाही, माझाच. चार वर्षं हे काम माझं आहे आणि मला दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. बस्स. एका ब्लाउजची बाही उलटी लावली, उसवत बसले.

गुरु., १३
जेवताना आप्पा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "उद्या त्योच पिक्चर. परत. एक शब्द गाळलास तर उठून जाईन, आन् पुन्हा तुझ्यासंगं येणार न्हाई."

येणार म्हणाले! माझ्याबरोबर! आईला म्हटलं, ब्लाउजवाली आली तर सांग, वैशालीला ताप आलाय. आई म्हणाली, "तापच आलाय तुला."

शुक्र., १४
आल्या आल्या लिहायला बसले.

तीच रांग, तोच कोपरा. आज मनगट नाही धरलं, हात स्वतःच्या मांडीवर. मी सगळं सांगत गेले. रक्त, आतडी, सगळं. शेजारची बाई उठून दुसरीकडं बसायला गेली.

मग ते आलं. "तेल पडलं, आप्पा. डोळे गेले त्याचे." ते हललेसुद्धा नाहीत. "कप्तान त्याला दगडाला टेकवतोय. शेजारी पाणी ठेवलं. निघाले. वळून बघत नाही कुणी. ज्याला पाठीवर घेतलं होतं ते पोरगंसुद्धा..." माझा आवाज फुटला.

"रडू नको. सांग. आता काय करायलाय त्यो?"
"चाचपतोय. ढाल शोधतोय."
"आन् ते ठण् ठण् काय वाजतंय? त्या दिवशीबी वाजत व्हतं."

मी बघितलं. खरंच पहिल्यांदा बघितलं! "आप्पा! तलवार ढालीवर आपटतोय! मुद्दाम! डोंगरी लोकांना स्वतःकडं बोलावतोय, बाकीचे निसटावेत म्हणून. सगळे त्याच्याकडं वळलेत. तो हसतोय, आप्पा!"

आप्पा उभे राहिले. थेटरात! "शाब्बास रे पठ्ठ्या!" पुढच्या रांगांतून शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, काका बसा. कुठले बसतात.

"मेला का?"
"मेला. तीन भाले."
"कुठं लागले?"
"छातीत. पाठीला एकबी न्हाई."
"हां," म्हणाले आणि बसले.

पिक्चरमधला सगळ्यात भारी सीन मी त्यांच्यापासून चोरला होता. दया करायला गेले आणि चोरी करून आले. गाडीत बसल्यावर तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "गप. भूक लागलीय, काहीतरी घे." दोन केळी घेतली. एक मला दिलं.

शनि., १५
हॉटेलात आज आप्पांनी कुणाला बोलू दिलं नाही. "टाकून गेले ते खरं हाय. पण नऊ जणांत कामाला कोण आला? सांगा! ज्याला दिसत न्हवतं त्यो." रामभाऊ तरी डोंगरी लोकांचाच झेंडा धरून. त्यांचं म्हणणं, म्हातारा चांगला पण नोकरी चुकीच्या माणसाची. अर्धा तास जुंपली. सलीमचाचांनी परत विचारलं, पुढच्या शुक्रवारी येता का माझ्यासंगं? आप्पा परत म्हणाले, "बघू." मशिन थांबवून ऐकलं मी. अजून बघूच.

ब्लाउज चारही दिले. ब्लाउजवालीनं 'ताप उतरला का?' म्हणत वर-खाली बघितलं.

रवि., १६
सकाळी ओट्यावर चहा घेताना, "वैशे, चार वर्षांत पिक्चर किती झाले?"
"चौदा-पंधरा."
"त्यातले खरे किती?"

सांगून टाकलं. तीन बदललेत. एकात कुत्रं मरतं, मी जगवलं होतं. एकात बाप-लेकाचं शेवटपर्यंत जमत नाही, मी गळाभेट घडवली होती. एकाचा शेवट मलाच कळला नव्हता, म्हणून घरचा जोडला. यावर लई हसले. ठसका लागला, चहा सांडला. "तोच शेवट मी गावभर सांगत फिरलो की बे!" मला बे म्हणाले! इतकं हलकं वाटलं. म्हटलं, आता पुढच्या शुक्रवारचं विचारून घ्यावं.

तेवढ्यात ते म्हणाले, "आन् पिक्चर सोडून?"

हसत नव्हते.

उमापूरचे कंडक्टरकाका. वीस वर्षं आप्पांच्या गाडीवर घंटी मारणारे. श्रावणात वारले. आईनं आणि मी ठरवून आप्पांना सांगितलं नाही. दर रविवारी आप्पा फोन लाव म्हणतात, दर रविवारी मी म्हणते, लागत नाही. आजही रविवार.

पाणी आणते म्हणून आत आले आणि हे लिहितेय. आई मानेनं नको नको करतेय.

बाहेरून आवाज आला, "वैशे, सापडलं का पाणी?"