खाट आठची तक्रार

४ फेब्रुवारी
दाहाची चार लक्षणं! लाली, उष्णता, सूज, वेदना. ट्यूटर मॅडमनी पाढ्यांसारखी सात वेळा म्हणवून घेतली. मला पहिल्याच फटक्यात पाठ. माझी रूम पार्टनर — कासव — चौथ्यावर अडली. लाल, गरम, सुजलेलं, आणि... आणि पंख्याकडे बघत बसली. मी हसले. मॅडमनी ऐकलं. ऐकू दे.

पुढचा अर्धा तास मॅडम प्रतिकारशक्तीवर बोलत होत्या. मी वहीत त्यांचं नाक काढलं. छान जमलं.

५ फेब्रुवारी
वॉर्डचा पहिला दिवस. हात धुताना सिस्टर शेजारी उभ्या राहून पायऱ्या मोजतात. अंगठा राहिला म्हणून मला दोनदा परत पाठवलं. आणि मोठे डॉक्टर अंगठी-घड्याळासकट थेट आत! नियम काय फक्त आमच्या बोडक्यावर?

७ फेब्रुवारी
कासव एकेका पेशंटला पंचवीस मिनिटं लावते. नुसत्या गप्पा. याला नर्सिंग म्हणतात?

८ फेब्रुवारी
आज माझ्या वाट्याला खाट आठ. म्हातारे घड्याळजी आहेत — साठ वर्षं घड्याळं दुरुस्त केली म्हणे. कॅन्सरची औषधं चालू, ती रक्तात सोडायला छातीत नळी, पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या, म्हणून वेगळी खोली. मी त्यांचं नाव तक्रारपेटी ठेवलंय. चहा कोमट. उशी टणक. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे. मागे तर मागे, कुठली गाडी चुकणार आहे यांची?

आज नवीन तक्रार. "नळीपाशी जरा ठणकतंय बघ, बाळ."

बघितलं. लाल नाही, गरम नाही, सूज नाही, पू तर थेंबभरही नाही. "काही नाही काका, मी बघितलंय ना," म्हटलं आणि तक्त्यात लिहिलं — जागा स्वच्छ. दोन मिनिटांत काम खलास. ताप ९९.८. त्या कोंदट खोलीत कुणालाही येईल. सिस्टरना काय सांगायचं त्यात!

कासव अजून खाट तीनपाशीच होती.

९ फेब्रुवारी
सकाळी घड्याळजींना हुडहुडी भरली. ताप १०३, बीपी घसरलं, आयसीयूत हलवलं. नळीतून जंतू रक्तात गेलेत.

सिस्टर तक्ता घेऊन माझ्याकडे आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काल ते काही बोलले होते का, एवढंच विचारलं. मी सांगितलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अंगात पांढऱ्या पेशीच नाहीत, तर सूज कोण आणणार? पू कशाचा होणार? अशा माणसाजवळ सांगायला दोनच गोष्टी उरतात. थोडासा ताप, नाहीतर दुखणं. तुला दोन्ही मिळाल्या होत्या."

चार तारखेला मॅडमनी हेच शिकवलं, असं कासव म्हणाली. वही उघडली. त्या पानावर नाक आहे.

चौथं लक्षण मी घडाघडा म्हणते, आणि माणूस तोंडाने सांगतो तेव्हा ती कुरकुर! शहाणी कुठली! पहिल्याच फटक्यात पाठ म्हणे!

१० फेब्रुवारी
आयसीयूच्या दारापर्यंत गेले. आत जायची छाती झाली नाही. कासव जाऊन आली. ओळखत नाहीत म्हणाली.

११ फेब्रुवारी
घड्याळजी गेले.

१२ फेब्रुवारी
त्यांची मुलगी सामान न्यायला आली. चष्मा, चप्पल, एक जुना रेडिओ. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. पिशवी भरता भरता सांगत होती — आठ तारखेला संध्याकाळी ठणका वाढला होता, ती सिस्टरना बोलवायला निघाली होती. बाबांनीच अडवलं. "नको, त्या मुलीने बघितलंय. हुशार आहे ती."

त्या मुलीला थँक्यू सांगा म्हणाली. मी सांगते म्हटलं.