पावलाची टाच

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. नुकतीच पावलाची कड काढून झाली.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा हलले. आठ महिने उथळ जागी बूड टेकून बसलेला हिमनग गेल्या आठवड्यात सुटला आणि उत्तरेकडे निघाला. सोबतच्या चित्रात लाल टिंब आहे तिथे ते आहेत, असं आईला सांग.

भावजींनी मागे विचारलं होतं की मी दिवसभर करतो तरी काय. उपग्रह वरून रडारची लाट सोडतो, ती खाली आपटून परत येते आणि तिचं चित्र होतं. ढग आड येत नाहीत, काळोखही नाही. बर्फ पांढरा दिसतो, समुद्र काळा. कड यंत्रच काढतं, पण वारा सुटला की खवळलेलं पाणीही पांढरं दिसतं आणि यंत्र फसतं. मग ती माणसाने हाताने काढायची. तो माणूस मी. नववीत शाळा सोडली तरी एका जागी बसता येतं आणि रेघ सुटत नाही, एवढ्यावर मला ठेवलं आहे.

ऑफिसच्या मॅडमनी आज विचारलं की हाच हिमनग मी का मागून घेतो. मी सांगितलं की त्यात माझे वडील आहेत. सहा वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर डिझेलची पिंपं ओढताना त्यांचा ट्रॅक्टर बर्फाच्या भेगेत गेला, खाली शोधूनही ते सापडले नाहीत. तो बर्फ किनाऱ्याला नुसता चिकटलेला होता. गेल्या वर्षी तुटला आणि तळाचा कोपरा घेऊन गेला. वरून तो माणसाच्या पावलासारखा दिसतो, म्हणून ऑफिसात त्याला सगळे पाऊल म्हणतात. बाबा टाचेत आहेत. मॅडम म्हणाल्या, चहा घेणार का. घेतला.

मी बरा आहे. झोप लागते. आहे तो लोभ तसाच असू द्यावा.

तुझा,
मास्तर


१३ नोव्हेंबर

चि. मास्तरांस,
अ. आ.

पत्र आणि चित्र पोचलं. एक खाडाखोड नाही. घरच्यांना पत्र लिहितोस की नोटीस बजावतोस, असं हे विचारत होते. बाबांनी तुझं नाव मास्तर ठेवलं ते काही चुकलं नाही.

आईने चित्र फ्रिजवर लावलं, आधीच्यांच्या शेजारी. चष्मा पुसून पुसून बघत होती. मग म्हणाली, घरी होते तेव्हा जेवणानंतर कोपऱ्यापर्यंत चला म्हटलं तर यांचे पाय दुखायचे, आणि आता बघा. मला हसू फुटलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. तुझ्या चित्राखेरीज तिला काही लागत नाही. फोन दिला तर कानाला लावते आणि गप्प बसते.

आता कामाचं. आईच्या घरमालकाने फेब्रुवारीअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितलं आहे. इमारत पाडणार. मी आमची मागची खोली आवरली, यांनी स्वतः रंग दिला, निम्मा अंगावर घेऊन. आई म्हणते, येणार नाही. ते एका ठिकाणी आहेत तोवर मीही आहे तिथेच. एकदा पाण्यात मिसळले की सगळीकडेच झाले, मग मला कुठेही ठेवा. बाबांचे बूट अजून दाराशी आहेत, रविवारी पुसते. बाकीचे बिऱ्हाडकरू गेले. जिन्यात दिवा नाही.

तर मास्तर, अजून किती दिवस लागतील ते कळव. हे विचारताना मला कसंतरी व्हायला हवं होतं. झालं नाही.

वेळेवर जेव. माझी माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुझी,
ताई


सोमवार, १२ जानेवारी. दुपारचा दीड. डबा उघडला आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पावलाचे दोन तुकडे झाले. टाच सुटी झाली.

आमच्याकडे मोठ्या तुकड्याला जुन्या नंबरापुढे अ लावतात, लहानाला आ, आणि दोन्हींवर लक्ष ठेवतात. पण तुकडा ठरलेल्या लांबीहून लहान असला तर त्याला नंबर देत नाहीत. टाच थोडक्यासाठी बसत नाही. कड किंचित बाहेरून ओढली असती तर बसली असती. ओढली नाही. मॅडम म्हणाल्या, बारक्या तुकड्यांच्या मागे लागलो तर जन्म पुरणार नाही. ते खरं आहे. जेवणाच्या सुट्टीत मी आपलं बघत बसलो तर त्यांची हरकत नाही.

किती दिवस लागतील ते मला सांगता येत नाही. तिकडे आता उन्हाळा आहे. वरचा बर्फ ओला झाला की रडारला तो काळा दिसतो, आणि वारा असला की पाणी पांढरं. कधीकधी दोन्हींचा रंग एकच होतो. आज टाच शोधायला वेळ लागला. सापडली. टिंब दिलं आहे.

भावजींना नमस्कार. कृपा असू द्यावी.

तुझा,
मास्तर


२२ जानेवारी

चि. मास्तरांस,
अ. आ.

टाच तुटल्याचं आईला सांगितलं. तिने विचारलं, दुखलं असेल का गं त्यांना. मग स्वतःच म्हणाली, मीपण काहीतरीच विचारते.

काल ती जिन्यात पडली. हाड मोडलं नाही, मुका मार आहे. मालकाने नळ तोडला, म्हणून खालून बादली आणत होती. यांनी अक्षरशः हात जोडले. सासूसमोर एवढे वाकलेले मी त्यांना लग्नातही पाहिले नव्हते. नाहीच म्हणाली. कंबर शेकत बसली आहे आणि नजर फ्रिजवर.

मास्तर, तू लिही की संपलं. टाच वितळली, एवढं एकच वाक्य. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नाही, तुझ्या रेघेवर आहे. खोटेपणाचं काय व्हायचं ते माझ्या माथी होऊ दे. पुन्हा पडली तर उचलायला त्या इमारतीत कोणी नाही.

लगेच लिही. एवढं केलंस तर जन्मभर तुला चिडवणार नाही.

तुझी,
ताई


सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळचे आठ पन्नास. ऑफिसात अजून कोणी आलेलं नाही.

ती. आईस,
सा. न. वि. वि.

ताईने मला एक वाक्य लिहायला सांगितलं होतं. लिहिलं. अक्षर चांगलं आलं. मग कागद फाडला.

खरं ते असं आहे. गेल्या चार चित्रांत टाच मला सापडलेली नाही. वारा आहे, समुद्र सगळा पांढरा दिसतो. ती वितळली असेल. किंवा तिथेच असेल आणि मला दिसत नसेल. शेवटचं टिंब होतं तिथून सगळ्या बाजूंनी शोधलं, मॅडमनी घरी जायला सांगेपर्यंत. आमच्याकडे अशा वेळी सापडत नाही असं लिहितात. वितळला असं लिहायला लहान होत गेलेला दिसावा लागतो, तसं मी पाहिलेलं नाही.

सोबत चित्र आहे. त्यात टिंब नाही.

तू पडलीस ते ताईने कळवलं. वाचून मला काही झालं नाही. व्हायला हवं होतं हे समजतं. बरेच दिवस असं आहे. कड तेवढी नीट काढता येते.

तू ताईकडे जावंस असं मला वाटतं. पण त्यासाठी संपलं असं खोटं लिहिता येत नाही, खोटं टिंब देता येत नाही तसंच. रागावू नये.

तुझा,
मास्तर


१० फेब्रुवारी

चि. मास्तरास,
अनेक आशीर्वाद.

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. चुका असतील, गप्प वाच.

तुझं बिनटिंबाचं चित्र फ्रिजवर लावलं. ताई फार चिडली. एक ओळ लिहायला याच्या बापाचं काय जात होतं, असं म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली. मला हसू आलं. मग तीही हसली. बऱ्याच दिवसांनी दोघी हसलो.

तू वितळली असं लिहिलं असतंस तर मी इथून हलले नसते. एवढ्या घाईत तू कधी लिहीत नाहीस, खोटं आहे ते मला ओळखू आलं असतं. सहा वर्षांपूर्वी तळावरच्या साहेबांनीही सापडत नाहीत असंच कळवलं होतं. ते मी मानलं नाही. त्यांनी किती शोधलं ते मला ठाऊक नव्हतं. तू किती शोधलंस ते मला ठाऊक आहे. तेव्हा आता मी मानते.

शनिवारी ताईकडे जाते. बूट जावयांच्या मापाचे आहेत. घातले तर घालोत.

आणखी एक. वर्षभर तुझी पत्रं आली, त्यात बाबा कुठे आहेत ते असायचं. तू कुठे आहेस ते एकदाही नव्हतं. आता तुझ्या खोलीचं चित्र काढून पाठव आणि तू बसतोस तिथे टिंब दे. डबा नुसता उघडून ठेवू नकोस, खा.

तुला काही वाटत नाही म्हणतोस. मलाही वाटत नव्हतं. त्याची भीती धरू नकोस.

तुझी,
आई


गुरुवार, १९ फेब्रुवारी. सकाळचे सात चाळीस. खोलीत बसलो आहे.

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चित्र सोबत आहे. वरच्या बाजूला खिडकी, डावीकडे कॉट, कोपऱ्यात गॅस. भिंतीची रेघ दोनदा पुसून काढली, तरी थोडी वाकडी आली. ती तशीच ठेवली. टिंब टेबलापाशी आहे.

मॅडमनी मला दुसरा हिमनग दिला. त्यात कोणी नाही. जेवणाच्या सुट्टीत आधी मी जुन्या जागी एकदा बघतो, मग डबा खातो. काल सगळा खाल्ला. भाजीत मीठ जास्त होतं. हे मला कळलं, म्हणून लिहितो आहे.

जिना उतरताना कठडा धरावा. ताईचा राग उतरला असल्यास कळवावं, नसल्यासही कळवावं. लोभ असावा, आणि माझी चित्रं यापुढेही फ्रिजवर लावावीत.

तुझा,
मास्तर