उसातला करडा ठिपका

१६ नोव्हेंबर १९९९, मंगळवार
हे आज कारखान्यावर आमच्या उसाचा फोटो बघून आले. आभाळातून काढलेला! उपग्रह वरून जातो नि कुणाच्या रानात किती टन निघेल ते सांगतो म्हणे. त्यात ऊस हिरवा नाही, लाल दिसतो. ह्यांना वाटलं तांबेरा रोग पडला! पुण्याचे साहेब म्हणाले, "लाल म्हणजे जोमदार." मग छाती फुगली. पण लालभडक उसात मधोमध एक करडा ठिपका. "इथं पीकच नाही. शनिवारी येऊन बघतो."
"रानडुक्कर आसंल," हे म्हणाले. मामंजींना जेवताना ठसका लागला.

१७ नोव्हेंबर
झाकणाचं पातेलं दिवाळीपासून सापडत नाही. शेजारच्या सारजाबाईवर संशय.

१८ नोव्हेंबर, गुरुवार
मी स्वतःच उसात शिरले. पाचटानं हात कापले. मधोमध अंगणासारखं साफ रान — तीन दगडांची चूल, राख, हाडं, माझं पातेलं! आणि शेजारी मामंजी. गळ्यात माळ, हातात तंगडी!
ज्यांनी घरातलं मटण बंद केलं, भजनात पहिले बसतात, ते!
"पाचट लई पेटतं गं, म्हणून चार गुंठं मोकळं केलं," म्हणाले. मग रडायलाच लागले. "शनवारी समदा गाव यील. माझी माळ उतरवत्याल, गिता." तंगडी हातात तशीच.
पातेलं चिंचेनं घासलं. सारजाबाईला वाटीभर साखर दिली. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर
एकादशी. दिवसभर पांडुरंगाला विचारलं. शेवटी स्वतःच ठरवलं. शेंदूर आणला — तीन दगडांपुरताच. तेल घरचं.

२० नोव्हेंबर, शनिवार
जीप आली. साहेब, चेअरमन, मागं गाव.
"वहिनी, हे काय?"
"म्हसोबा," मी म्हणाले. नाव तेवढं आयत्या वेळी सुचलं!
साहेबांनी बूट काढले. हाडं बघून सारजाबाई म्हणाली, "व्हय, त्यो तिखटच खातो." साहेबांनी कागदावर 'देवस्थान' लिहिलं.
हे बघतच राहिले. "आपल्या रानात म्हसोबा, आन् मला ठावं न्हाई?"
"जुना हाय," मामंजी म्हणाले.
रात्री पांडुरंगापुढं कान पकडले. माळकऱ्याच्या घरात खोटा देव!

२९ नोव्हेंबर
सारजाबाईची म्हैस सुखरूप व्याली. नवसाचा कोंबडा घेऊन आली. तिच्यामागं आणखी चौघी. मामंजी आता उघड जेवतात — "परसादाला न्हाई म्हनू न्हाई."

१४ डिसेंबर
नवा फोटो आला. ठिपका तिप्पट झालाय, रस्त्यापासून वाटही दिसते. साहेब चक्रावलेत. हे टनांसाठी हळहळतात. लेक सविता तापानं फणफणलीय, माझं कशात लक्ष नाही.

१८ डिसेंबर
डॉक्टर झाले, पांडुरंग झाला. ताप हटेना. संध्याकाळी कोंबडा काखेत घेऊन मीच उसात गेले. दगड माझ्याच हातानं रंगवलेले. तरी गुडघे टेकले.

१९ डिसेंबर
पहाटे सवितानं भाकरी मागितली.