मंत्रिपद सोडून कोर्टात परतलेल्या मिलेनाताईंना

प्रिय मिलेनाताई,

काल लिफ्टमध्ये तुमची याना भेटली. "आई गेली," एवढंच म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आपण बोलायचो मोडक्या इंग्रजीत, पण रडू मला मराठीतच येतं. म्हणून हे पत्र.

चेक देशातली थंडी सोसवेना म्हणून तुम्ही दर हिवाळ्यात लेकीकडे इथे, बारा महिने उकाड्याच्या हौगांगला यायचात. नवी शेजारीण म्हणून मी पोहे आणून दिले. तुम्ही तिकडच्या न्यायमंत्री होतात, हे कळायला पुढचा हिवाळा उजाडला! इतकं लपवतात का हो?

हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर कॉफी पिता पिता हळूहळू सगळं सांगितलंत. छोट्या गावात न्यायाधीश होतात, मग निवडणूक, मग संसद. "कोर्टात मी बोलले की सगळे गप्प. संसदेत मी बोलले की सगळे फोनवर!" काय हसायचात तेव्हा!

एकदा मात्र हसला नाहीत. तुमच्याच पक्षाच्या एका बड्या माणसावर खटला चालू होता. खटला ऐकणाऱ्या न्यायाधीशामागे चौकशी लावा, असा तुमच्यावर दबाव आला. तुम्ही मंत्रिपद सोडलंत.

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय! परत गावच्या कोर्टात. पहिलीच केस शेजाऱ्यांच्या कुंपणाची."

"वाईट नाही वाटलं?"

"खूप. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग झगा चढवला. बाहेर ते दोघं खोळंबले होते ना!"

त्याच दिवशी मी बोलून गेले, की पुण्यात मी वकिली करायचे. केवढ्या भडकलात! "मग इथे नुसती घरात का?" मी म्हटलं, मुलगी लहान आहे. "मुलगी शाळेत जाते!" आमची इरा शेजारी नूडल्स खात होती. "आंटी सो फिअर्स ला!" इथल्या मुलांसारखं शेवटी 'ला' लावत म्हणाली. नंतर तुम्ही माझा हात बराच वेळ धरून बसलात.

गेल्या खेपेला किती वाळला होतात. "पुढच्या हिवाळ्यात भेटू," म्हणालात. तेव्हा ठाऊक होतं ना आजाराचं? एका शब्दाने तरी सांगायचं होतंत. विमानतळावर आले असते, पोटभर मिठी मारली असती.

ताई, उन्हाळ्यात आम्ही कायमचे पुण्याला परततोय. सासूबाईंना वाटतं, आता या वयात कसली कोर्टकचेरी. मला तर नवे कायदेही धड माहीत नाहीत. पहिल्या दिवशी आवाज फुटणार नाही, कुणी हसेलही. तरी काळा कोट घालून उभी राहणार आहे. शब्द देते.

तुमची,
अनघा