मागून जरा कमी

ती. सासूबाई,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, कारण आजाराचं तुम्हाला कळवायचं नाही अशी तुमच्या लेकीने तंबी दिली आहे.

पहिल्या केमोला तिला धीर द्यायला गेलो आणि सुई बघून मीच घेरी येऊन पडलो. रोज वस्तरा चालवणारा माणूस मी. नर्सला हाक हिने मारली.

आता तिचे केस गळायला लागलेत. लग्नापासून तिने माझी कात्री डोक्याला लागू दिली नव्हती. "गप्पांच्या नादात कान कापाल," म्हणायची. काल मात्र स्वतःहून दुकानात आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "उडवा."

मी पार गोटा केला. कान शाबूत आहेत. मग हाताच्या सवयीने मागे छोटा आरसा धरला आणि विचारलं, "ठीक आहे ना?" विचारून झाल्यावर जीभ चावली.

तिने मान दोन्हीकडे वळवून नीट पाहिलं.

"मागून जरा अजून कमी करा."

मग मीही मागे हवेतच कात्री कचकचवत राहिलो. ती हसतच होती. शेवटी डोळे पुसायला मी तिच्या गळ्याभोवतीचं कापडच ओढलं, आणि तिचे सगळे केस माझ्या तोंडाला चिकटले.

सध्या शुद्धीवर असलेला,
तुमचा जावई